मुक्काम पोस्ट लालबाग

मैत्रिणींनो, तुमच्यापैकी कितीतरी जणी हल्ली सहल कंपनीबरोबर सिंगापूर-बँकॉक पाहून आल्या असतील. तिथं उतरायचं कुठं, ही काळजी काही आपल्याला करावी लागत नाही. विमानतळावर एक मुलगा हातात पाटी घेऊन उभा असतो, गाडी हॉटेलच्या दाराशी नेऊन सोडते आणि किल्ली हातात पडते. हॉटेल स्वस्तातलं असलं, खिडकीतून समोरच्या भिंतीशिवाय काही दिसत नसलं, तरी चार रात्रींचा तर प्रश्न! घरी परतल्यावर त्याच्या गमतीच सांगतो आपण.

पण एक मुक्काम असाही येतो, की ज्याची पाटी घेऊन कुणी उभं नसतं. गावातले डॉक्टर कागद पुढं सरकवतात आणि खालच्या आवाजात म्हणतात, "एकदा परळला दाखवून या." त्या रात्री घरात कुणाच्या डोळ्याला डोळा लागत नाही. पैशांची जुळवाजुळव होते, रिपोर्टांची फाइल होते, देवापुढं साखर ठेवली जाते. मात्र मुंबईत राहायचं कुठं, हा प्रश्न "बघू तिथं गेल्यावर" म्हणून सोडून दिला जातो. नेमका तोच प्रश्न पुढं सगळ्यांत जड होतो. म्हणून आज त्याविषयी चार गोष्टी सांगायच्या आहेत.

दोन रात्रींचे चाळीस दिवस

आमच्या मोठ्या जाऊबाईंना घशाचं दुखणं निघालं. घरात आम्ही सगळ्या त्यांना अक्का म्हणायचो. मोठे भावोजी शेती सोडून येऊ शकत नव्हते, मुलगा नोकरीला नुकताच लागलेला. तेव्हा सोबत म्हणून मी निघाले. "तपासण्या होतील, दोन रात्रींत परत येऊ," असं म्हणून दोन साड्या घेतल्या होत्या.

पहाटेच्या गाडीनं दादरला उतरलो. लालबागच्या बाजूला एका लॉजची चिठ्ठी कुणीतरी दिली होती. भाडं ऐकून बरं वाटलं, म्हणून हो म्हटलं. खोली चौथ्या मजल्यावर. लिफ्ट नाही. संडास-बाथरूम बोळाच्या टोकाला, सगळ्या मजल्याला मिळून एक. खोलीत दोन खाटा, त्यांच्यामधून आडवं होऊन जावं लागे. दोन रात्रींसाठी चालेल, असं मनाशी म्हटलं.

तपासण्याच आठ दिवस चालल्या. मग डॉक्टरांनी सांगितलं, "शेक द्यावे लागतील, तीस वेळा." शनिवार-रविवार सुट्टी. हिशेब करा, सहा आठवडे झाले! अक्कांचा घसा आतून सोलवटत चाललेला. चौथ्या मजल्याचा जिना चढताना त्या प्रत्येक वळणावर पायरीवर बसत. बाहेरचं तिखट जेवण गिळवत नव्हतं आणि खोलीत स्वयंपाकाला बंदी. रात्री त्यांना चार वेळा बोळाच्या टोकाला न्यायचं. मला झोप नाही, त्यांना अन्न नाही. बाराव्या दिवशी अक्का पायरीवर बसल्या त्या उठेचनात. म्हणाल्या, "बास झालं गं आता. चल, घरला जाऊ. देवानं लिहिलंय तेवढं जगीन."

मैत्रिणींनो, ध्यानात घ्या. उपचारानं त्या खचल्या नव्हत्या. जिन्यानं खचल्या होत्या, उपाशीपोटी खचल्या होत्या. औषध लागू पडत असतानाही माणसं उपचार अर्धवट टाकून परत जातात, त्याचं एक कारण हे असतं. म्हणून मी म्हणते, मुक्काम हासुद्धा उपचाराचाच एक भाग धरा. गोळ्या-इंजेक्शनांइतकाच.

सगळी रुग्णालयं इथंच

परळ-लालबाग या भागावर इतका भार का, ते समजून घेतलं म्हणजे इथली तारांबळही समजते. के. ई. एम. रुग्णालय १९२६ साली सुरू झालं. त्याच साली नौरोसजी वाडिया प्रसूतिगृह आणि १९२९ साली लहान मुलांसाठी बाई जेरबाई वाडिया रुग्णालय. लेडी मेहेरबाई टाटा परदेशात उपचार घेत असताना १९३१ साली रक्ताच्या कर्करोगानं गेल्या. तसे उपचार आपल्या देशात मिळावेत, या तळमळीतून टाटा मेमोरियल रुग्णालय उभं राहिलं. २८ फेब्रुवारी १९४१ ला त्याचं उद्घाटन झालं. १९६२ पासून ते भारत सरकारच्या अणुऊर्जा विभागाकडे आहे. ही सगळी एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर. देशाच्या कानाकोपऱ्यातून माणसं इथं येतात. आसाम-बंगालच्या बायका आणि विदर्भ-मराठवाड्याच्या बायका एकाच बाकावर नंबर येण्याची वाट पाहत बसलेल्या दिसतील. ज्यांना कुठंच जागा मिळत नाही, ती माणसं फुटपाथावर प्लॅस्टिक अंथरून राहतात. ते दृश्य पहिल्या दिवशी पाहिलं, की पोटात कालवतं.

परक्याला जागा देणारा भाग

तसं पाहिलं तर बाहेरून आलेल्या माणसाला पाठ टेकायला जागा देणं, हे लालबागला नवीन नाही. हे गिरणगाव. कोकणातून, घाटावरून आलेले गिरणी कामगार बायका-मुलं गावी ठेवून इथं राहत. एका खोलीत दहा-दहा, पंधरा-पंधरा जण. पहिल्या पाळीचा माणूस कामावर गेला, की रात्रपाळीचा त्याच जागी येऊन झोपायचा. गावाच्या नावानं खोली घेतलेली असे. पेटी भिंतीशी, वळकटी माळ्यावर. आणि जेवायला खाणावळ! ती चालवणारी बाई स्वतःच दहा बाय दहाच्या खोलीत राहायची आणि तिथंच वीस-पंचवीस जणांचा स्वयंपाक रांधायची. या खाणावळवाल्या बायकांना सावकाराच्या व्याजातून सोडवण्यासाठी प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, त्यांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. हाताला चव असणं हेही भांडवल असतं, हे बँकेला पटवणं तेव्हा सोपं नव्हतं हो!

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि पुढं एकेक करून गिरण्यांचे भोंगे थांबले. गिरण्यांच्या जागी आता उंच इमारती आहेत. पाळीपाळीनं झोपणारा कामगार गेला; त्याच्या जागी हातात फाइल घेतलेला रुग्णाचा नातेवाईक आला, एवढंच. अजूनही एखादी खाणावळवाली मावशी भेटते. आम्हांला भेटली ती मालवणकडची होती. अक्कांसाठी मऊ भात मागायला गेले, तर माझ्याकडं पाहून म्हणाली, "बाय गो, पेशंटाक काय व्हया ता मी करून देतंय, पण तू आधी बसान जेव." त्या दिवशी मी कितीतरी दिवसांनी पोटभर जेवले.

उतरायचं कुठं? चार वाटा आहेत

पहिली वाट नातेवाइकांची. लालबाग-परळात, नाहीतर डोंबिवली-विरारला आपलं कुणीतरी असतंच. दोन-तीन रात्री जरूर जा. पण चाळीतल्या एका खोलीत चार माणसं राहत असताना महिनाभर तिथं राहणं दोघांनाही जड जातं. वहिनी तोंडानं म्हणणार नाहीत, पण त्यांच्या मुलाची परीक्षा असते, पाण्याची वेळ ठरलेली असते. विरार-डोंबिवलीहून तर रोज रुग्णाला लोकलनं आणणं म्हणजे औषधापेक्षा दुखणं भारी. नातेवाइकांना मुक्काम मागण्यापेक्षा दुसरी मदत मागा: दोन दिवसांनी एकदा डबा, आठवड्यातून एक रात्र आपल्या जागी सोबत, एखादं कुकर आणि पातेलं. ही मदत ते आनंदानं करतात आणि नातंही टिकतं.

दुसरी वाट धर्मशाळांची आणि सेवा सदनांची. 'धर्मशाळा' म्हटलं की आपण नाक मुरडतो. तसं करू नका. गाडगेमहाराजांनी पंढरपूर, आळंदी, नाशिक अशा ठिकाणी धर्मशाळा बांधल्या आणि स्वतः मात्र कुठं घर केलं नाही. त्यांच्या नावाची धर्मशाळा दादरला आहे. कर्करोगाचे रुग्ण आणि त्यांचे सोबती तिथं राहतात. परळलाच नाना पालकर स्मृती समितीचं रुग्ण सेवा सदन आहे. ही समिती १९६८ पासून काम करते आहे. टाटा रुग्णालयाचं स्वतःचं डॉ. अर्नेस्ट बोर्जेस स्मारक गृह वांद्रे पूर्वेला आहे. लहान मूल कर्करोगानं आजारी असेल, तर सेंट ज्यूड ही संस्था २००६ पासून मुलाची आणि आई-वडिलांची राहण्याची सोय विनामूल्य करते. या ठिकाणी आपल्यासारखीच माणसं असतात, पथ्याचा स्वयंपाक करता येईल अशी सोय बऱ्याच ठिकाणी असते, आणि कुठल्या खिडकीवर कुठला कागद लागतो हे शेजारची बाई सांगते. अडचण एकच, जागा थोड्या आणि मागणारे फार. म्हणून पहिल्याच दिवशी रुग्णालयातल्या समाजसेवा विभागात जा. तिथल्या ताईंना सरळ सांगा, "आम्हांला राहायला जागा नाही." संकोच करू नका. बहुतेक ठिकाणी रुग्णालयाची चिठ्ठी, रुग्णाचा केसपेपर आणि ओळखपत्र लागतं. लगेच जागा नसली तर यादीत नाव घाला आणि दर दोन दिवसांनी विचारत राहा. मी हे बाराव्या दिवशी केलं. पहिल्या दिवशी करायला हवं होतं.

तिसरी वाट लॉजची. धर्मशाळेत नंबर लागेपर्यंत तरी ती लागतेच. आणि चौथी, महिन्याच्या भाड्यानं खोली. रुग्णालयाच्या फाटकापाशीच "रूम पाहिजे का ताई?" म्हणून विचारणारे भेटतात. सगळेच वाईट असतात असं नव्हे. पण खोली डोळ्यांनी पाहिल्याशिवाय आणि पावती हातात आल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका. आगाऊ भाडं द्यायचं तर आठवड्याचं द्या, महिन्याचं नको; डॉक्टर कधी "आता घरी जाऊन पंधरा दिवसांनी या" म्हणतील, ते सांगता येत नाही.

खोली पाहताना

लग्नाला मुलगी पाहायला जाताना आपल्या सासवा कशा नजर फिरवायच्या, तशी नजर इथं फिरवायची! लॉजचा माणूस घाई करील. करू द्या. या गोष्टी विचारून घ्याच.

मजला कितवा आणि लिफ्ट आहे का? असली तर चालू आहे का? आत जाऊन बटण दाबून पाहा. रुग्ण असेल तर पहिल्या मजल्यापलीकडे जिना नको.

संडास खोलीतच आहे का, आणि रुग्णाला बसता येईल असा आहे का? गुडघे दुखणाऱ्या किंवा अशक्त माणसाला कमोड लागतो. पाणी दिवसभर असतं की ठरावीक वेळी? गरम पाणी कधी मिळतं?

'एक दिवस' म्हणजे काय? काही ठिकाणी दुपारी बाराला दिवस संपतो, काही ठिकाणी आपण आल्यापासून चोवीस तास मोजतात. पहाटे पाचला उतरून खोली घेतलीत आणि तिथला नियम दुपारी बाराचा असला, तर सात तासांत एक दिवसाचं भाडं जातं. अशा वेळी दादर स्टेशनच्या प्रतीक्षालयात हात-तोंड धुऊन थेट रुग्णालयात गेलेलं बरं.

तिसऱ्या माणसाचं काय? भाऊ किंवा मुलगा मधेच एक रात्र आला, तर जादा गादीचे किती? कर धरून भाडं किती? आठवड्याचं एकदम दिलं तर कमी होईल का? 'रुग्णाबरोबर आलो आहोत' हे सांगायला लाजू नका. कितीतरी ठिकाणी तेवढ्यावर भाडं कमी करतात.

किटली चालवायला परवानगी आहे का? गॅस-स्टोव्हला बंदी असणं समजण्यासारखं आहे, आगीची भीती असते. पण विजेची किटली चालत असेल, तर पेज, चहा, उकळलेलं पाणी इतकं तरी हाताशी राहतं.

खिडकी कुठं उघडते? उन्हाळ्यात लालबागच्या मसाला बाजाराच्या बाजूची खोली असली, तर मार्च ते मे आपल्या पोटात गोळा येतो. बेडगी, काश्मिरी, संकेश्वरी मिरच्यांचे ढीग, भाजण्याचा खकाणा आणि कांडप यंत्राची धडधड! एरवी आपण बायका तो वास छातीभर घेऊ आणि वर्षाचा मसाला तिथंच करून आणू. पण घशाच्या, छातीच्या रुग्णाला तो ठसका नको.

आणि दाराची कडी. कडी आतून नीट बसते का, ते स्वतः लावून पाहा. दोघी बायकाच असाल तर आपलं एक छोटं कुलूप जवळ असू द्या. ओळखपत्राची प्रत द्यावी लागते. प्रत द्या, मूळ कागद कुणाच्या ताब्यात ठेवू नका.

स्वस्त कोणतं आणि महाग कोणतं?

आपण गृहिणी भाजीच्या जुडीत दोन रुपये वाचवतो, पण अशा वेळी हिशेब चुकतो. समजा, लांबची खोली दिवसाला ७०० रुपये. रोज जाऊन-येऊन टॅक्सीचे ३००, दोघींचं बाहेरचं जेवण-चहा ४००. म्हणजे १४०० झाले. जवळची खोली १००० रुपये, चालत जाता येतं, किटलीवर आणि डब्यावर भागतं, खाण्याचे २००. म्हणजे १२००. महिन्याला ६००० रुपयांचा फरक, आणि रुग्णाचे हाल वाचले ते वेगळेच. आकडे तुमच्या वेळचे घाला, पण भाडं, जाणं-येणं आणि जेवण हे तिन्ही एकत्र मांडल्याशिवाय 'स्वस्त' हा शब्द उच्चारू नका.

जाण्या-येण्याचं थोडं सांगते. मुंबईत सायन-वांद्र्याच्या दक्षिणेला रिक्षा चालत नाही; टॅक्सी, नाहीतर बेस्टची बस. टॅक्सीत बसताना मीटर पाडायला सांगा. बाहेरगावच्या बऱ्याच गाड्या दादरला थांबतात. तिथून स्लो लोकलनं पुढचंच स्टेशन परळ. लालबागला जवळची स्टेशनं करी रोड आणि चिंचपोकळी. तिथंही फास्ट लोकल थांबत नाही, तेव्हा चुकून फास्टमध्ये चढू नका. एस. टी.नं येणार असाल, तर मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे. रेल्वेत कर्करोगाच्या रुग्णाला स्लीपर आणि थ्री-टायर एसीत पूर्ण आणि सोबत्याला पाऊण माफी मिळते. त्याचा दाखला रुग्णालयातून घ्यावा लागतो. परतीच्या तिकिटाआधी तो मागून ठेवा.

आणखी एक. गणेशोत्सवात शक्य तर लालबागच्या अगदी गाभ्यात खोली घेऊ नका. लालबागचा राजा १९३४ पासून बसतो, गणेश गल्लीचा गणपती तर १९२८ पासून. त्या दिवसांत दर्शनाच्या रांगांनी रस्ते भरून जातात, वाहतूक वळवतात, रात्रभर आवाज असतो. बाप्पाला लांबून हात जोडा आणि मुक्काम भोईवाडा-दादरच्या बाजूला करा. विसर्जनाच्या दिवशी नंबर असेल, तर रुग्णालयातच आधी विचारून घ्या.

बरोबर काय न्यायचं?

दोन रात्रींसाठी निघालात तरी पंधरा दिवसांची तयारी ठेवा. अंथरायला एक जाडशी सतरंजी, दोन सुती चादरी, दोरी आणि चिमटे, विजेरी, थर्मास, दोन ताटं-वाट्या-पेले, सुरी, छोटी किटली, जुन्या मऊ साडीची फडकी. कागदांच्या तीन-तीन प्रती काढून वेगळ्या पिशवीत ठेवा आणि मोबाइलमध्ये फोटोही काढून ठेवा. एक वही खर्चाची. तिच्याच मागच्या पानांवर रोज डॉक्टर काय म्हणाले ते लिहा. घाबरलेल्या मनाला काही आठवत नाही.

खाण्याचं म्हणाल तर तांदूळ भाजून त्याची भरड, मुगाच्या डाळीची भरड, नाचणीचं सत्त्व, मेतकूट आणि साजूक तूप एवढं घरून न्या. भरडीची पेज किटलीच्या उकळत्या पाण्यात झाकून ठेवली की मऊ होते. किटलीत मात्र पाणीच तापवा; त्यात डाळ-तांदूळ घालाल तर ती करपते आणि लॉजचा माणूस ओरडतो, हे अनुभवानं सांगते. तोंड आलेल्या माणसाला तिखट, आंबट, फार गरम काही नको. औषधांनी अंगातली ताकद कमी झालेली असते, म्हणून गाडीवरची कापलेली फळं, उघडं सरबत आणि शिळं अन्न टाळा, पाणी उकळून द्या. पथ्य रुग्णागणिक बदलतं, तेव्हा डॉक्टरांना किंवा आहारतज्ज्ञ बाईंना विचारून तेच करा. शेजारणीनं सांगितलेला काढा नको.

सोबतीणीकडं कोण पाहणार?

घरातलं माणूस आजारी पडलं, की सगळे त्याची चौकशी करतात. सोबत राहणारीला विचारतो कोण? आणि ती सोबत बहुधा बाईच असते. आपण काय करतो? रुग्णाच्या ताटात उरलेलं खातो, खाट त्याला देऊन फरशीवर पडतो, स्वतःची रक्तदाबाची गोळी विसरतो. आठव्या दिवशी आपल्यालाच चक्कर येते, आणि मग दोघींना धरायला कुणी नसतं.

म्हणून निघायच्या आधीच घरात सगळ्यांना बसवून पाळ्या ठरवा. दहा दिवस तुम्ही, पुढचे दहा दिवस दीर किंवा मुलगा. "पुरुषांना जमत नाही" हे म्हणणं सोडून द्या. पेज करायला दहा मिनिटं लागतात, ते शिकतील. मागं घरी मुलांच्या डब्याचं काय, सासऱ्यांच्या औषधाचं काय, हे लिहून एका कागदावर भिंतीला लावा आणि मग रोज फोनवर ती चिंता करू नका. दिवसातून एकदा तरी रुग्णाला झोप लागली असताना खाली उतरून अर्धा तास चालून या. यात स्वार्थ काही नाही.

आणि लालबागमध्ये राहणाऱ्या माझ्या मैत्रिणींनो,

हा मजकूर तुमच्याही हातात पडेल, म्हणून दोन शब्द. २०२१ साली म्हाडानं टाटा रुग्णालयाला रुग्णांच्या नातेवाइकांसाठी १०० घरं द्यायचं ठरवलं. आधी ठरलेली घरं तुमच्याच भागात होती. तिथल्या रहिवाशांचा विरोध झाला, सरकारनं स्थगिती दिली आणि मग बॉम्बे डाइंगच्या जागेवरच्या इमारतीत पर्यायी घरं द्यायचं ठरलं. रहिवाशांना नावं ठेवायला मी हे लिहीत नाही. ते करोनाचे दिवस होते, आणि वर्षानुवर्षं चाळीत काढून मिळालेलं घर प्रत्येकाला जिवापाड प्यारं असतं. पण एक गोष्ट मनाशी पक्की धरा: कर्करोग शेजाऱ्याला लागत नाही. एका जिन्यानं चढल्यानं नाही, एका नळाच्या पाण्यानं नाही, त्यांच्या मुलाबरोबर आपलं मूल खेळल्यानं नाही. उलट काळजी त्यांनाच घ्यावी लागते, आपल्या सर्दी-खोकल्याची. तेव्हा तुमच्या जिन्यात डोक्याला रुमाल बांधलेली एखादी बाई दिसली, तर वाट द्या, आणि जमलं तर "जेवलात का?" एवढं विचारा.

अक्कांचं पुढं काय झालं, हे तुम्ही विचारणारच. समाजसेवा विभागातल्या ताईंनी चिठ्ठी दिली, एका धर्मशाळेत तळमजल्यावर जागा मिळाली. तिथल्या स्वयंपाकघरात मी गुरगुट्या भात शिजवला आणि अक्कांनी तो वाटीभर खाल्ला. दुसऱ्या दिवशी स्वतःच म्हणाल्या, "चल, नंबर लावायला उशीर होईल." तीसच्या तीस शेक पुरे केले. त्यानंतर त्या सहा वर्षं आमच्यात होत्या. नातवाच्या मुंजीत मातृभोजनाला त्याच्या आईशेजारी बसल्या. त्या सहा वर्षांचं श्रेय डॉक्टरांचं, यात शंका नाही. पण तळमजल्यावरच्या त्या खोलीचाही त्यात वाटा होता, असं मला वाटतं.

देव करो आणि तुमच्यावर ही वेळ न येवो. पण हे पान कापून घरातल्या फाइलमध्ये ठेवून द्या. तुम्हांला नाही, तर शेजारच्या काकूंना उपयोगी पडेल.